भीमण्णांची परवानगी

१९३८ सालची दिवाळी झाल्यावरचा पहिला रविवार. रक्कम दीडशे रुपये. जागा धारवाडच्या माळमड्डीतली, ड्रॉइंग मास्तर भीमराव तिगडीकर यांच्या घराची पडवी. हजर चौघे: खुद्द भीमराव, त्यांचे शाळेपासूनचे मित्र वकील बळवंतराव, हुबळीहून आलेले पै, आणि शेजारी म्हणून मी. भीमरावांच्या पत्नी राधाक्का आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांना धरलं तर पाच.

पै हे मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीचे एजंट. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर त्यांचं दुकान होतं. माणूस सभ्य. कंपनीचं पत्र पोस्टानं न पाठवता स्वतः घेऊन आले होते, कारण आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. पत्र चार ओळींचं होतं. कंपनीची तबकडी आपल्या फिल्मबरोबर चार लोकांत वाजवायची असेल तर दर खेळाला दीडशे रुपये, तेही आगाऊ. त्याशिवाय परवानगी नाही.

भीमरावांचा पगार साठ रुपये होता. खेळ फुकट दाखवायचा होता, शाळेच्या हॉलमध्ये.

पत्र वाचून भीमरावांनी घडी घातली आणि पैंना विचारलं, "चहात साखर किती घालायची?"

या माणसाला आम्ही सगळे भीमण्णा म्हणत असू. वीस वर्षं आमची भिंत एक होती. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिली आठवते ती त्यांची विचारण्याची सवय. आमच्या परसातल्या कढीलिंबाच्या फांद्या त्यांच्या बाजूला झुकलेल्या होत्या. राधाक्का हात वर करून पानं तोडू शकल्या असत्या. पण भीमण्णा पुढच्या दारानं येत, पायरीखाली चपला काढत आणि म्हणत, "वहिनी, चार काड्या घेऊ का?" माझी बायको सुरुवातीला हसायची, नंतर चिडायची. "भाऊजी, झाड तुमच्याच अंगणात पानं टाकतं. त्याला विचारा आता!" ते तरी विचारायला येतच राहिले. "विचारायला काय जातंय ओ?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

एकदा त्यांनी माझ्या वडिलांचं चित्र काढलं. वडील सकाळी ओट्यावर उन्हाला बसत, गुडघ्याभोवती पंचा बांधून. भीमण्णांनी आपल्या खिडकीतून बघून ते रंगवलं होतं. अप्रतिम उतरलं होतं. पंच्याच्या चुण्यांतलं ऊनसुद्धा दिसत होतं. ते चित्र घेऊन भीमण्णा आले आणि वडिलांना म्हणाले, "अप्पा, आपली हरकत नसेल तर हे ठेवतो."

वडिलांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मी असा दिसतो? हरकत आहे."

भीमण्णांनी तिथेच चित्राचे दोन तुकडे केले. मी हात धरायला पुढे झालो तोवर झालंसुद्धा. वडील चपापले. म्हणाले, "अरे, मी आपलं बोललो." भीमण्णा शांतपणे म्हणाले, "नको म्हणालात ना तुम्ही. मग झालं." वडील गेल्यावर त्यांचं एकही चित्र किंवा फोटो आमच्याकडे नव्हता. मी भीमण्णांना त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यांना ते आठवत होतं, हे मात्र मला माहीत आहे. तेराव्याला ते जेवायला आले नाहीत.

फिल्मचं वेड त्यांना कसं लागलं ते सांगतो. हुबळीत एका फिरत्या सिनेमावाल्याचं दिवाळं निघालं. त्याच्याकडचा चावीनं चालणारा लहान कॅमेरा आणि हातानं फिरवायचं दाखवण्याचं यंत्र भीमण्णांनी घेतलं. तिगडीच्या शेतातला आपला हिस्सा भावाला विकून त्यांनी हे पैसे उभे केले. राधाक्का गल्लीत सांगत फिरल्या, "बाकीच्यांचे नवरे बायकांना सिनेमाला नेतात. आमचे सिनेमालाच घरी घेऊन आले. आता तो माझ्या हातचं जेवतो काय बघायचं."

पण त्यांना गोष्टीची फिल्म काढायची नव्हती. राजा, राणी, राक्षस यातलं काही नको होतं. लोक काय काम करतात, कसं करतात, ते जसंच्या तसं धरून ठेवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कुंभार, पिंजारी, घोंगडी विणणारे. बळवंतराव म्हणायचे, "भीम्या, जे रस्त्यावर फुकट दिसतं ते बघायला अंधारात कोण येऊन बसणार?" भीमण्णा म्हणायचे, "उद्या दिसणार नाही म्हणून."

त्यातूनच शेवंतव्वा आली.

अळणावरजवळच्या एका खेड्यात भाताची गिरणी आली होती आणि बायकांचं साळी कांडणं बंद होत चाललं होतं. त्या भागात चार-पाच बायका एका उखळाभोवती उभ्या राहून मुसळं मारीत. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. मुसळं एकमेकांवर आपटू नयेत म्हणून एकजण गाणं धरी. गाणं चुकलं तर हात मोडायचा. शेवंतव्वा ही त्या गावची गाणं धरणारी. भातशेतात मजुरी करणारी बाई, वय पन्नाशीच्या पुढे. त्याच्या आठ-दहा वर्षं आधी पैंच्याच कंपनीचे लोक हुबळीत यंत्र घेऊन आले होते. कुणीतरी शेवंतव्वाला त्यांच्यापुढे नेलं. तिचं कांडणाचं गाणं त्यांनी तबकडीवर घेतलं, कागदावर अंगठा घेतला, पंधरा रुपये दिले आणि एक लुगडं. तबकडी फारशी खपली नाही. भीमण्णांकडे एक होती.

ते कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेले तेव्हा तिचा आवाज गेला होता. गळ्याला गाठ होती. बोलणं म्हणजे नुसतं वारं बाहेर यावं तसं. मी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेलो होतो. बायका उखळाभोवती उभ्या होत्या, भीमण्णा प्रत्येकीला वेगवेगळं विचारत होते, "बाई, तुमचं चित्र घेऊ का? नको असेल तर तसं सांगा." बायका पदर तोंडावर घेऊन हसत होत्या. मग ते शेवंतव्वापुढे बसले.

"ह्येच्यात आवाज येतो का रं, मास्तरा?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नाही अव्वा. नुसतं चित्र."

"मग म्या तोंड कशाला हलवू? माशा धरायला?"

"तुझा आवाज तबकडीत आहे. चित्र दाखवताना ती तबकडी लावायची. तू गायल्यासारखं कर, पुढचं मी जुळवतो." मग म्हणाले, "तुझं गाणं लावू ना?"

ती म्हणाली, "माजं कुटलं? माज्या आयचं हाय. ती असती तर व्हय म्हनली असती. लाव." आणि उठता उठता म्हणाली, "म्या कदी आयकलं न्हाई ते. त्यांनी घेतलं अन् डब्यात घालून नेलं. मला एकदा आयकीव."

भीमण्णांनी शब्द दिला. धारवाडच्या हॉलमध्ये, पुढच्या खुर्चीवर बसवून ऐकवीन म्हणाले.

शेवंतव्वा उखळापाशी उभी राहिली. तिनं मुसळ धरलं नाही, नुसते ओठ हलवत गेली, आणि बायकांची मुसळं तिच्या ओठांवर पडत राहिली. तिची सून तानी त्यांच्यात होती. मला कांडणातलं काही कळत नाही, पण एकही मुसळ चुकलं नाही एवढं मी पाहिलं.

फिल्म मुंबईहून धुऊन आल्यावर भीमण्णांनी खोलीत कोंडून घेऊन ती जुळवायला सुरुवात केली. एका हातानं यंत्राची दांडी फिरवायची आणि शेजारी तबकडी चालू. मुसळ खाली येतं तिथंच गाण्याचा ठेका यायला हवा. दांडी जरा जोरात फिरली की बायका गाण्याच्या पुढे पळत. भीमण्णांचा हात खांद्यापासून सुजला. राधाक्का तेल चोळताना म्हणायच्या, "साळी त्या कांडतात, हात ह्यांचा मोडतो." अखेर जुळलं. फिल्म बारा मिनिटांची होती आणि त्यात तबकडीतला जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा.

आणि मग त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, आपण होऊन. आपल्या तबकडीतला एवढा तुकडा एवढ्या कामासाठी लावत आहे, आपली हरकत नसावी, असं. मला दाखवायला आणलं होतं. अक्षर सुरेख. मी वाचलं आणि म्हटलं, "छान आहे." कुणालाही वाटलं असतं, कंपनी उलट खूश होईल.

त्याचं उत्तर घेऊन पै त्या रविवारी आले होते.

पै गेल्यावर बळवंतराव उसळले. "कुणी सांगितलं होतं तुला विचारायला?"

"त्यांची तबकडी आहे ना?"

"तबकडी त्यांची आहे, पण तिच्यातला प्रत्येक चिमूटभर तुकडासुद्धा त्यांच्या मर्जीवर आहे असं कायदा म्हणत नाही. अभ्यासासाठी, एखाद्या गोष्टीचं गुणदोषविवेचन करण्यासाठी बेतानं थोडं घेतलं तर चालतं. तू आधी भाषण देणार, कांडण कसं असतं ते सांगणार, त्यात हा तुकडा लावणार. तिकीट नाही. यात त्यांची एक तबकडी कमी खपणार नाही. खपली तर चार जास्त खपतील. मी उभा राहतो की कोर्टात. दाखव तू."

"पण त्यांनी नाही म्हटलंय, बाळ्या."

"अरे, नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे की नाही, हाच तर प्रश्न आहे!"

"ते मी विचारायच्या आधी सांगायचंस. आता विचारून झालं. त्यांनी नाही म्हटल्यावर मी न विचारल्यासारखं कसं वागू?"

बळवंतरावांनी कपाळाला हात लावला. राधाक्का दारातून म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्यांच्याशी वाद घालू नका. ते देवाला फूल वाहताना फुलाला विचारतात." हसायचा प्रसंग नव्हता, तरी हसलो. भीमण्णा हसले नाहीत.

बळवंतरावांनी आणखी एक वाट सुचवली. तबकडी सोडून द्या, तानीला हॉलमध्ये उभी करा, तिला म्हणू दे. गाणं तर कंपनीचं नाही. भीमण्णांनी तेही करून पाहिलं. तानीला धारवाडला आणलं, पडद्यापुढे उभं केलं. पोरीचा गळा चांगला होता. पण पडद्यावर सासूचे ओठ हलायचे आणि इकडे सुनेचा आवाज. दोन ओळींवर ती थांबली. "आत्याबाईच्या तोंडात माजा आवाज जातोय," म्हणाली आणि रडायलाच लागली. भीमण्णांनी यंत्र थांबवलं.

पुढचे महिने पत्रांत गेले. भीमण्णांनी सूट मागितली. कंपनी गप्प. पुन्हा लिहिलं. पैंनीही आपल्या परीनं रदबदली केली, हे मला नमूद केलं पाहिजे. शेवटी कंपनीनं कळवलं की फिल्म तपासण्यासाठी मुंबईला पाठवावी, आक्षेपार्ह काही नसेल तर पंचाहत्तर घेऊ. भीमण्णांकडे फिल्मची एकच प्रत होती. ती पोस्टात टाकायला त्यांचा हात होईना. इकडे अळणावरच्या बाजारातून येणारा प्रत्येक माणूस शेवंतव्वाची खबर आणायचा. पेज उतरत नाही. मग पाणी उतरत नाही.

एक दिवस राधाक्का भिंतीपलीकडून मला ऐकू येतील इतक्या मोठ्यानं बोलल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, टोमणा हळूच मारत. "ती बाई तुमची परवानगी यायची वाट बघत थांबणार नाही. तिला तुम्ही शब्द दिलाय. कंपनीला दिलाय का?"

भीमण्णा बळवंतरावांकडे गेले. तिच्या घरी, तिच्यापुरतं लावलं तर? बळवंतराव म्हणाले, "घरात तुला कोण विचारतो? तो जाहीर खेळच नाही. लोक जमवू नकोस म्हणजे झालं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. भीमण्णांनी यंत्र मांडीवर धरलं होतं, मी ग्रामोफोन, आणि बळवंतरावांनी दिव्यासाठी मोटारीची बॅटरी. अळणावरपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. पोचलो तेव्हा दुपार होती. घर एकखणी. तानीनं खिडकीला आणि दाराला घोंगडी टांगली, समोरच्या भिंतीवर धुतलेलं धोतर बांधलं. शेवंतव्वा बाजेवर होती. आम्हांला बघून तिनं केसांवरून हात फिरवला.

"हॉल लहान हाय रं तुजा," ती म्हणाली. तिच्या तोंडाशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

पहिल्यांदा बायका गाण्याच्या पुढे पळाल्या. भीमण्णांनी रीळ मागे घेतलं. तबकडीची सुई मी पुन्हा ठेवली. दुसऱ्यांदा धोतरावर शेवंतव्वाचं तोंड आलं, ओठ उघडले, आणि आवाज आला. भरदार, जरा नाकातला, वरच्या पट्टीत गेला तरी न फाटणारा. बाजेवरची बाई दोन्ही हात पोटावर ठेवून ऐकत होती. मुसळ खाली आलं की तिचा अंगठा हले.

आवाज ऐकून बाहेर लोक जमले. ते येणारच. ज्या गावात तो आवाज बंद होऊन तीन वर्षं झाली होती, तिथं तो भर दुपारी तिच्याच घरातून येत होता. दाराशी कुजबुज वाढली, कुणीतरी घोंगडी बाजूला सारली, आणि सगळा उजेड आत आला. धोतरावरचं चित्र पुसून गेलं. बळवंतराव "घोंगडी, घोंगडी!" म्हणून ओरडले, पण दारात इतकी माणसं होती की घोंगडी खाली येईना. म्हातारे होते, कांडणाऱ्या बायका होत्या, कडेवरची पोरं होती. आवाज चालूच होता. मी भीमण्णांकडे पाहिलं. ते दांडी फिरवत होते, पण बघत होते दाराकडे.

तुकडा संपला. सुई खरखरायला लागली तशी मी उचलली.

शेवंतव्वानं खूण करून भीमण्णांना जवळ बोलावलं. मी शेजारीच होतो म्हणून ऐकलं. ती म्हणाली, "लई घाई केली म्या. त्यो सायेब बोटानं आटप-आटप करीत हुता." मग दम घेऊन, "साळी अर्ध्याच कांडल्या." तिला हसू आलं आणि हसण्यानं ठसका लागला. तानीनं आम्हांला बाहेर जायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी ती गेल्याचं कळलं.

बळवंतराव पुन्हा आले. आता तरी दाखव, म्हणाले. हॉल मिळवतो, नोटीस आली तर मी बघतो. त्यांनी कायद्याचं पुस्तकसुद्धा आणलं होतं, खुणेचा कागद घालून. भीमण्णांनी ते उघडलं नाही. "तिच्यासाठी होती रे," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आणि एकदा दाखवून झालीय."

"कुठं दाखवलीस?"

"तिच्या घरी. दारात माणसं होती."

"अरे, ती तू बोलावली नव्हतीस!"

"हाकललीही नाहीत."

बळवंतराव माझ्याकडे वळले. "कुलकर्णी, तुम्ही हिशेबाचे माणूस. ह्याला सांगा काहीतरी." मी सांगितलं. घरात जमलेले शेजारी म्हणजे खेळ नव्हे, कंपनीला हे कळायचं कारण नाही, आणि जो आवाज मुळात त्या बाईचा तो तिलाच ऐकवण्याचे पैसे भरणं मला हिशेबात बसत नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे. भीमण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इरली बिडी." राहू द्या, असं. कानडीत ते फक्त विषय बंद करताना बोलत.

पावसाळ्याच्या आधी त्यांनी कॅमेरा आणि यंत्र दोन्ही हुबळीच्या एका फोटोग्राफरला विकलं. तिगडीच्या जमिनीचे जेवढे गेले होते त्याच्या निम्मेही आले नाहीत. फिल्मचा डबा राधाक्कांनी धान्याच्या कोठीवर ठेवला. शाळेत ते मुलांकडून फुलदाण्या आणि पेरू काढून घेत राहिले. घोंगडी विणणारे, पिंजारी राहूनच गेले. कढीलिंबाच्या काड्या मागायला ते यायचे, पण पूर्वीसारखं दारात दोन शब्द बोलत थांबत नसत. पानं घेतली की जात.

त्याच वर्षी माझी विजापूरला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं, मी पत्ता बदलल्याची चिठ्ठी द्यायला पोस्टात गेलो होतो. भीमण्णा मनीऑर्डरच्या खिडकीशी रांगेत उभे होते. छत्री काखेत, टोपी हातात. मी हाक मारणार होतो, पण त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि मी थांबलो. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म वाचला आणि विचारलं, "मजकुरात काय लिहिलंय हे? 'एक खेळ'? कसला खेळ, मास्तर?"

"झाला तो," भीमण्णा म्हणाले आणि पावतीसाठी हात पुढे केला. पाठमोरे होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, तो मला त्या दिवशी प्रथम दिसला. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा मी विजापुरातच होतो, आणि कार्ड पोचेपर्यंत दहावासुद्धा होऊन गेला होता.

फिल्म मुंबईला तपासायला पाठवलेली नसल्यामुळे पंचाहत्तरांची सवलत त्यांना लागू नव्हती, असं त्यांनी धरलं. कंपनीला पूर्ण दीडशे रुपये गेले, मनीऑर्डरचं कमिशन वेगळं. कंपनीनं ते ठेवून घेतले आणि छापील पावती पाठवली. शेवंतव्वाच्या घरी त्यातलं काही गेलं नाही.